ई-मेलमधील आडवे फोटो : कारण व उपाय

शेतांतील पिकाचा, किडीचा किंवा नुकसानीचा फोटो काढून तो ई-मेलनें तज्ज्ञांकडे अगर कचेरीकडे पाठविण्याची वहिवाट आतां आपल्या शेतकरीवर्गांत चांगलीच रुळली आहे. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि स्वतःच्या पिकाचा फोटो स्वतः काढण्याची संवय घरोघर पोंचली. दापोडी, पिंपरी, चिंचवड व चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांत तर ही वहिवाट सोयीची पडते. कारण येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें शेत मावळांत, खेडांत अगर मुळशींत असतें. वडील शेतावरून फोटो पाठवितात, मुलगा दापोडीस घरीं बसून तो पत्रांत घालतो आणि पुढें कृषि विज्ञान केंद्राकडे, कृषि महाविद्यालयाकडे किंवा विमा कंपनीकडे रवाना करतो. सोय मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक त्रासहि आला आहे, आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्रास असा कीं, मोबाइलवर जो फोटो अगदीं उभा व नीट दिसतो, तोच ई-मेलच्या मजकुरांत बसविला कीं एकदम आडवा पडतो. क्वचित् पूर्ण उलटाहि होतो. पाठविणाऱ्याला कळत नाहीं, कारण त्याच्या मोबाइलवर तो अजूनहि उभाच असतो. घेणाऱ्याला वाटतें, पाठविणारानें हयगय केली. वस्तुतः ह्यांत दोघांचाहि दोष नसतो. फोटोची दिशा फोटोंत नसून त्याला लावलेल्या एका चिठ्ठींत असते, आणि ती चिठ्ठी वाटेंत गहाळ होते किंवा कोणी वाचीत नाहीं. एवढें एक मर्म ध्यानांत आलें म्हणजे पुढचे सर्व उपाय आपोआप उलगडतात.

आडव्या फोटोनें बिघडतें काय ?

मान वांकडी करून पाहिलें म्हणजे झालें, त्यांत एवढें काय, असें कोणी म्हणेल. लग्नकार्याच्या फोटोस हें म्हणणें लागू पडेल; शेतीच्या कामाच्या फोटोस पडत नाहीं. शेतीच्या फोटोंत वर कोणतें आणि खालीं कोणतें हा पुराव्याचाच भाग असतो.

लोळलेल्या पिकाचें उदाहरण घेऊं. मावळांत भात निसवून दाणा भरत आला असतां पाऊस व वारा एकदम आला, तर पीक जमिनीस टेकतें. शेतकरी धाटें नीट दिसावींत म्हणून अगदीं जवळून फोटो काढतो. चौकट धाटांनीं भरून जाते. तींत आकाश नाहीं, बांध नाहीं, झाड नाहीं. आतां हा फोटो पाव वळसा फिरून कचेरींत पोंचला अशी कल्पना करा. जमिनीबरोबर आडवीं पडलेलीं धाटें तेथें सरळ उभीं दिसतील, आणि "पीक पडलें आहे" ह्या अर्जांतील वाक्याच्या खालींच पीक उभें असल्याचा पुरावा अर्जदारानें स्वतः जोडल्यासारखें होईल. उलट, ताठ उभ्या पिकाचा फोटो आडवा झाला तर तें लोळल्याचा भास होतो. पाहणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढें जें आहे त्यावरूनच तो निर्णय देणार.

रोगाच्या व अन्नद्रव्याच्या निदानांतहि हीच गोष्ट आहे. नत्र कमी पडलें असतां पिवळेपणा प्रथम खालच्या, जुन्या पानांवर येतो. कारण नत्र झाडांत हलूं शकतें, आणि गरज पडली कीं जुन्या पानांतून निघून कोवळ्या पानांकडे जातें. लोह तसें सहज हलत नाहीं. म्हणून त्याची उणीव शेंड्याकडील नव्या पानांवर प्रथम उमटते. उसावर पडणारा केवडा ह्याच जातीचा आहे. म्हणजे पिवळें पान वरचें कीं खालचें, एवढ्यावरून दोन निरनिराळीं निदानें होतात, आणि त्यांवर दोन निरनिराळे खर्च होतात. फांदीचा तुकडा टेबलावर ठेवून काढलेला फोटो जर उलटा पोंचला, तर शेंडा कोणता आणि बूड कोणतें हें दूर बसलेल्या तज्ज्ञानें कसें ओळखावें ?

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. सातबाऱ्याचा उतारा, बँकेचें पासबुक, मातीपरीक्षणाचा अहवाल ह्यांतील अक्षर मुळांतच बारीक असतें. तें आडवें झालें तर "वाचतां येत नाहीं, पुन्हां पाठवावें" असें उत्तर येतें. उत्तर येण्यांत दिवस जातात, पुन्हां पाठविण्यांत दिवस जातात, आणि अर्जाची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं.

फोटो आडवा कां होतो ?

मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या भिंगामागें प्रकाश टिपणारी एक लहानशी आयताकृति पट्टी असते. ती मोबाइलमध्यें पक्की बसविलेली असते आणि तिची लांब बाजू बहुधा मोबाइलच्या लांबीच्या दिशेनेंच असते. पट्टीवरील ठिपके ओळीओळीनें वाचण्याचा एक क्रम ठरलेला आहे. आपण मोबाइल आडवा धरला कीं ह्या ओळी जमिनीशीं समांतर येतात आणि चित्र जसें पाहिजे तसें नोंदलें जातें. मोबाइल उभा धरला कीं पट्टीहि त्याबरोबर वळते. पण ओळी वाचण्याचा तिचा क्रम बदलत नाहीं. त्यामुळें उभ्या धरलेल्या मोबाइलनें काढलेला फोटो सांठवितांना पुष्कळ वेळां मुळांतच आडवा सांठविला जातो.

मग तो आपल्याला उभा कसा दिसतो ? मोबाइलमध्यें गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारें दुसरें एक साधन असतें. फोटो काढण्याच्या क्षणीं पृथ्वीची ओढ कोणत्या बाजूस आहे हें तें पाहतें, आणि त्यावरून मोबाइल फोटोच्या फाइलीला एक आंकडा जोडतो. ह्या आंकड्याच्या १ पासून ८ पर्यंत किंमती ठरलेल्या आहेत. १ म्हणजे चित्र जसें आहे तसेंच दाखवावें. ६ म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें पाव वळसा देऊन दाखवावें. ८ म्हणजे उलट दिशेनें पाव वळसा. ३ म्हणजे अर्धा वळसा. उरलेले २, ४, ५ व ७ हे आरशांतल्याप्रमाणें उलटलेल्या चित्रांसाठीं आहेत. मागच्या कॅमेऱ्यानें काढलेल्या रोजच्या फोटोंत ते सहसा येत नाहींत.

ही पद्धत आजची नव्हे. चित्रें सांठविण्याच्या टिफ नांवाच्या पद्धतीच्या १९९२ च्या नियमांत दिशेचा हा आंकडा होता. पुढें १९९५ सालीं जपानांतील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनें डिजिटल कॅमेऱ्यांसाठीं एक्झिफ नांवाचे नियम केले, त्यांतहि तो आला. फोटो काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचें नांव आणि मोबाइलमध्यें ती सोय चालू असल्यास ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, हें सर्व ह्याच एक्झिफ नोंदींत असतें. चित्र प्रत्यक्ष फिरवावयाचें म्हणजे लाखों ठिपके उचलून नव्या जागीं मांडावयाचे; आंकडा लिहावयाचा म्हणजे क्षणाचें काम. म्हणून कॅमेरा आंकडा लिहितो आणि फिरविण्याचें काम पुढें पाहणाऱ्या यंत्रावर सोंपवितो.

आंब्याच्या पेटीवर "ही बाजू वर" अशी चिठ्ठी लावून ती गाडींत चढविल्यासारखाच हा प्रकार आहे. चिठ्ठी वाचणारा हमाल पेटी सरळ ठेवतो. चिठ्ठी न वाचणारा ती हातांत जशी आली तशी ठेवून देतो. पेटींतील आंबे तेच. फरक फक्त चिठ्ठी वाचली कीं नाहीं एवढाच.

चिठ्ठी कोठें हरवते ?

मोबाइल, ई-मेल आणि घेणाऱ्याचा संगणक ह्या वाटेवर चिठ्ठी तीन प्रकारें निकामी होते.

पहिला प्रकार म्हणजे ती वाचलीच जात नाहीं. विंडोज ७ मधील फोटो दाखविणारा प्रोग्राम दिशेचा आंकडा पाहत नसे. विंडोज ८ पासून तो पाहिला जाऊं लागला. ब्राउझरची गंमत ह्याहून चमत्कारिक होती. फोटोची फाइल एकटी उघडली तर ब्राउझर चिठ्ठी वाचून ती सरळ दाखवीत. परंतु तोच फोटो मजकुराच्या पानांत बसविलेला असला तर चिठ्ठीकडे दुर्लक्ष करीत. २०२० सालीं प्रमुख ब्राउझरांनीं हा भेद काढून टाकला आणि पानांतील फोटोहि चिठ्ठीप्रमाणें दाखविण्यास आरंभ केला. तथापि जुने संगणक व ई-मेलचे जुने प्रोग्राम अद्याप वापरांत आहेत, आणि आपलें पत्र कोणाच्या कोणत्या यंत्रावर उघडलें जाईल हें पाठविणाऱ्याच्या हातीं नसतें. अटॅचमेंट म्हणून जोडलेला फोटो उभा आणि मजकुरांत बसविलेला तोच फोटो आडवा, हें कोडें ह्यानें सुटतें.

दुसरा प्रकार म्हणजे चिठ्ठी फाडून टाकली जाते. फोटो मजकुरांत बसवितांना कांहीं प्रोग्राम तो लहान करतात, आणि लहान केलेल्या नव्या प्रतींत जुन्या नोंदी उतरवीत नाहींत. चित्र न फिरवतां नुसती चिठ्ठी काढली, तर मुळांतला आडवेपणा उघडा पडतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. एखादा प्रोग्राम चित्र प्रत्यक्ष फिरवितो, पण जुनी चिठ्ठी तशीच ठेवतो. मग चिठ्ठी न वाचणाऱ्या यंत्रावर फोटो सरळ दिसतो, आणि चिठ्ठी वाचणारें यंत्र सरळ झालेल्या फोटोला आणखी एक पाव वळसा देऊन तो पुन्हां आडवा करतें. एकाच घरांतील दोन मोबाइलांवर एकच फोटो दोन दिशांनीं दिसतो तो पुष्कळदां ह्यामुळेंच.

दापोडीचा जुना दाखला

चित्र आणि त्याची दिशा हीं एकमेकांपासून सुटीं होणें ही गोष्ट अलीकडची आहे. ह्याला दापोडीचाच एक दाखला देतां येतो. आज येथें एस. टी. चा मध्यवर्ती कारखाना आणि लष्कराचें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण मुळा व पवना ह्यांच्या संगमाजवळच्या ह्याच गांवीं १८२८ सालीं मुंबई सरकारनें एक वनस्पति-उद्यान स्थापिलें होतें. देशी व परदेशी झाडें लावून पाहणें, औषधी वनस्पति वाढविणें असे प्रयोग तेथें होत. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे बरींच वर्षें त्याचे अधीक्षक होते, आणि पुढें मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनीं १८४७ ते १८५० च्या सुमारास पोर्तुगीज वंशाच्या एका चित्रकाराकडून झाडांचीं रंगीत चित्रें काढविलीं. चित्रकाराचें नांव उपलब्ध नाहीं. दापोडीचीं हीं चित्रें आज स्कॉटलंडांत एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहांत आहेत, आणि त्यांवर एच. जे. नोल्टी ह्यांचें पुस्तक २००२ सालीं प्रसिद्ध झालें.

हीं चित्रें समुद्रापार गेलीं, दीड शतकाहून अधिक काळ राहिलीं. परंतु त्यांपैकीं एकाचेंहि वर-खालीं प्रवासांत बदललें नाहीं. चित्रकारानें कागदावर देठ ज्या बाजूस काढला ती दिशा कागदाबरोबरच गेली. चित्र आणि दिशा एकाच कागदावर होतीं. तिची वेगळी चिठ्ठी नव्हती, म्हणून ती हरवण्याचीहि सोय नव्हती. आपल्यालाहि आपल्या फोटोच्या बाबतींत नेमकें हेंच करावयाचें आहे. फोटो हातांतून सुटण्यापूर्वीं त्याची दिशा चिठ्ठींतून काढून चित्रांतच उतरवावयाची.

फोटो काढतांना घ्यावयाची काळजी

पहिला उपाय काढतांनाच करण्याचा आहे. शक्य तेथें मोबाइल आडवा धरावा आणि त्याचा माथा, म्हणजे कान लावण्याची बाजू, आपल्या डाव्या हाताकडे ठेवावी. बहुतेक मोबाइलांत मागच्या कॅमेऱ्याची पट्टी ह्या स्थितींत सरळ असते. चिठ्ठीवर १ हा आंकडा पडतो. मग चिठ्ठी वाचली काय आणि न वाचली काय, फोटो सरळच राहतो. माथा उजवीकडे धरला तर ३ पडतो आणि फोटो उलटा होण्याचा संभव राहतो.

दुसरी काळजी सरळ खालीं पाहून काढलेल्या फोटोंची. वाफ्यांतील रोप, जमिनीवरची अळी, टेबलावरचें पान किंवा कागद, ह्यांचा फोटो काढतांना आपण मोबाइल जमिनीशीं समांतर धरतों. अशा वेळीं पृथ्वीची ओढ पडद्याच्या आरपार जाते. पडद्याच्या वरच्या, खालच्या, डाव्या वा उजव्या कोणत्याच बाजूकडे ती नसते. त्यामुळें मोबाइलला दिशा ठरवितां येत नाहीं, आणि तो बहुधा मागची दिशा धरून बसतो किंवा थोडा कलला तिकडची घेतो. कागदपत्रांचे फोटो सर्वांत अधिक आडवे येतात ते ह्याच कारणानें. उपाय सोपा आहे. मोबाइल प्रथम उभा धरून कॅमेरा चालू करावा, पडद्यावरील खुणा सरळ झाल्या आहेत हें पाहावें, आणि मग तो हळूच खालीं वळवावा. त्याहून बरें म्हणजे कागद भिंतीला किंवा फळ्याला उभा टेकवून समोरून फोटो घ्यावा.

तिसरी काळजी पुराव्याची. लोळलेल्या अगर बुडालेल्या पिकाच्या प्रत्येक फोटोंत एक तरी उभी वस्तु येऊं द्यावी. बांधावरचें झाड, विजेचा खांब, विहिरीचा कठडा, रोवलेली काठी किंवा उभा असलेला माणूस चालेल. थोडें आकाश आलें तर उत्तमच. मग फोटो कोणत्याहि दिशेनें पोंचला तरी पाहणाऱ्यास खरी दिशा त्या वस्तूवरून कळते, आणि पिकाची उंचीहि ताडून पाहतां येते. जवळून एक आणि लांबून एक असे दोन फोटो जोडीनें काढण्याची शिस्त ठेवावी. रोगाच्या फोटोसाठीं फांदी तोडून आणण्यापेक्षां झाडावर असतांनाच एक फोटो घ्यावा. म्हणजे वरचें पान कोणतें हा प्रश्नच उरत नाहीं.

पाठविण्यापूर्वीं करण्याची कृति

फोटो मोबाइलवर आडवा दिसत असेल तर काम सरळ आहे. फोटो उघडून "एडिट" मध्यें जावें, "रोटेट" च्या खुणेवर बोट ठेवून तो उभा करावा आणि "सेव्ह" करावा.

परंतु खरी अडचण असते ती मोबाइलवर उभा दिसणाऱ्या आणि पत्रांत आडवा पडणाऱ्या फोटोची. तेथें फिरवावें काय, कारण तो आधींच उभा आहे. अशा वेळीं "एडिट" मध्यें जाऊन "क्रॉप" नें कडेची अगदीं बारीक पट्टी कापावी आणि नवी प्रत सेव्ह करावी. चित्र कापावयाचें म्हणजे प्रोग्रामला तें नव्यानें लिहावें लागतें. तें लिहितांना बहुतेक प्रोग्राम आपल्याला जसें दिसतें तसेंच, म्हणजे उभें, लिहितात आणि चिठ्ठीवर १ घालतात. एवढ्यानेंहि जमलें नाहीं तर पडद्यावर फोटो उभा असतांना त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. स्क्रीनशॉट हें पडद्याचें जसेंच्या तसें चित्र असतें. फिरवून दाखवा असें सांगणारी चिठ्ठी त्याला नसते. मात्र त्यांत बारकावा कमी होतो, म्हणून पानावरील बारीक ठिपके किंवा कीड दाखवावयाची असतां हा शेवटचा उपाय समजावा.

संगणकावरून पाठवीत असल्यास फोटो प्रथम पेंटसारख्या साध्या चित्रांच्या प्रोग्राममध्यें उघडावा, आडवा असल्यास उभा करावा, नव्या नांवानें सेव्ह करावा आणि ती नवी प्रत पत्रांत घालावी. ई-मेलच्या कांहीं प्रोग्रामांत मजकुरांत बसविल्यावर चित्र फिरविण्याची सोय असते, कांहींत नसते. शिवाय आपल्या पडद्यावर फिरलेलें चित्र दुसऱ्याच्या पडद्यावर तसेंच दिसेल असा भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून फिरविण्याचें काम पत्रांत घालण्यापूर्वींच आटोपलेलें बरें.

वारंवार फिरवून वारंवार सेव्ह करणें मात्र टाळावें. मोबाइलचे फोटो बहुधा जेपेग ह्या पद्धतीनें सांठविले जातात. ह्या पद्धतींत चित्राचे ८ ठिपके रुंद व ८ ठिपके उंच असे चौकोन पाडून त्यांतील बारीक भेद कांहीं अंशीं सोडून दिले जातात, म्हणून फाइल लहान होते. प्रत्येक वेळीं नव्यानें लिहितांना थोडा थोडा बारकावा जातो. चौकोन न उलगडतां नुसते उचलून फिरविणारे प्रोग्रामहि आहेत, आणि त्यांत असें नुकसान होत नाहीं. परंतु आपला प्रोग्राम त्यांपैकीं आहे कीं नाहीं हें ठाऊक नसल्यास एकदांच फिरवावें, एकदांच सेव्ह करावें.

मूळ फोटो जपून ठेवावा

ह्या सर्व खटाटोपांत एक गोष्ट विसरतां कामा नये. तारीख, वेळ व ठिकाण ज्या एक्झिफ नोंदींत असतें, तिच्याशींच आपण खेळत आहों. स्क्रीनशॉट घेतला कीं मूळ फोटोची तारीख व ठिकाण त्यांत येत नाहीं. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें फोटो पाठविला तरी तो लहान होतो आणि ह्या नोंदी निघून जातात. तोच "डॉक्युमेंट" म्हणून पाठविला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. नुकसानीचा वाद पडला तर फोटो कोणत्या दिवशीं व कोणत्या शेतांत काढला हें दाखविणें भाग पडतें. म्हणून नियम असा ठेवावा : मूळ फोटोला हात लावूं नये, त्याची प्रत करून ती फिरवावी. पत्राच्या मजकुरांत उभी केलेली प्रत बसवावी, आणि त्याच पत्राला मूळ फाइल अटॅचमेंट म्हणून जोडावी. प्रत डोळ्यांसाठीं, मूळ पुराव्यासाठीं. जीमेलवर एका पत्रास एकंदर २५ एमबी इतकीच जोड चालते हें ध्यानांत ठेवून निवडक फोटो पाठवावेत.

ह्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ठिकाणाची नोंद असलेला मूळ फोटो ज्याच्या हातीं जाईल त्याला आपल्या शेताचा किंवा घराचा पत्ता कळतो. कचेरीस तो कळणें इष्ट आहे. अनोळखी व्यापाऱ्यास मालाचा नमुना दाखवितांना तसें नसेल. तेथें नुसती प्रत धाडावी.

कागदपत्रांसाठीं तर फोटोपेक्षां पीडीएफ अधिक सोयीची. मोबाइलमधील स्कॅनच्या सोयीनें पान टिपलें असतां कडा आपोआप छाटल्या जातात, आणि पानाची दिशा पाठविण्यापूर्वीं तपासून बदलतां येते. सातबारा तर डिजिटल स्वाक्षरीचा उतरवून घेतां येतो. तो असतांना छापील उताऱ्याचा फोटो काढण्याचें कारणच नाहीं.

घेणाऱ्यानेंहि एवढें करावें

गांवांतील संस्थेचे चिटणीस, सोसायटीचे सेक्रेटरी, किंवा भाऊबंदांच्या वतीनें पत्रव्यवहार पाहणारे तरुण ह्यांच्याकडे असे आडवे फोटो नेहमींच येतात. त्यांनीं तें पत्र परत पाठविण्याची घाई करूं नये. फोटो मजकुरांतून वेगळा उतरवून घ्यावा आणि एकटा उघडावा. चिठ्ठी शाबूत असेल तर तो तत्काळ उभा दिसेल. तसा न दिसल्यास फिरवून घ्यावा. पण शेंडा कोणता, बूड कोणतें, पीक उभें कीं पडलेलें, ह्याबद्दल संशय राहिला तर अंदाज न बांधतां पाठविणाऱ्यास फोनवर विचारावें. एका फोननें चुकीची फवारणी टळते.

पाठविणाऱ्यानेंहि फोटोखालीं एक ओळ लिहिण्याची संवय ठेवावी : गांव, गट क्रमांक, पीक, तारीख, आणि "फोटोची डावी बाजू उत्तरेस" किंवा "पानाचें टोंक वर" असा खुलासा. ही ओळ पत्राच्या मजकुरांत असल्यामुळें कोणत्याहि यंत्राला ती गाळतां येत नाहीं.

ज्यांना वरील सर्व गोष्टी एका वेळीं लक्षांत ठेवणें जड वाटेल त्यांनीं एक चांचणी तरी अवश्य करावी. महत्त्वाचें पत्र कचेरीकडे पाठविण्यापूर्वीं तें स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर किंवा घरांतील दुसऱ्या माणसास पाठवून, ज्या मोबाइलनें फोटो काढला त्यावर नव्हे, तर वेगळ्या यंत्रावर उघडून पाहावें. तेथें पीक उभें दिसलें, अक्षर वाचतां आलें, म्हणजे पत्र रवाना करण्यास हरकत नाहीं. ह्याला पांच मिनिटें लागतात. शेतावर वर्षभर खपून उभें केलेलें पीक पडल्यावर त्याची दाद मागावयाची असेल, तर तें कसें पडलें हें पाहणाऱ्यास जसेंच्या तसें दिसावें, एवढ्यासाठीं हीं पांच मिनिटें खर्चावींत, अशी आमची वाचकांस सूचना आहे.